छोट्या कारखानदाराचा जमाखर्च



हिशेब हा विषय नभोवाणीवरून ऐकावयास फारसा गोड नाहीं, हें मी जाणून आहें. हिशेब म्हटला कीं कोणाच्या डोळ्यांपुढें लाल कापडी बांधणीच्या लांबट वह्या उभ्या राहतात, कोणाच्या डोळ्यांपुढें कानावर लेखणी खोवलेला मुनीम, तर कोणाच्या डोळ्यांपुढें संगणकासमोर मान घालून बसलेला एखादा तरुण. वर्षभर हा मनुष्य आपल्याला आठवत नाहीं. मार्च महिना उजाडला, सरकारी मुदती अंगावर आल्या, म्हणजे कागदांनीं भरलेली पिशवी त्याच्या मेजावर नेऊन ओतावयाची आणि 'यांतून काय निघेल तें बघा' असें म्हणून मोकळें व्हावयाचें, अशी पुष्कळ छोट्या कारखानदारांची वहिवाट आहे. ही वहिवाट किती महाग पडते, आणि हिशेबनिसाकडून खरोखर काय मागून घ्यावें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

विषय आपल्या शहराच्या अगदीं जवळचा आहे. छावणींतून नगर नाक्यावरून जो रस्ता वाळूजकडे जातो, त्या रस्त्यानें रोज सकाळीं माणसांची रीघ लागलेली असते. तीं सारींच मोठ्या कारखान्यांचीं नोकर नव्हेत. त्यांत दोन लेथ आणि एक ड्रिलिंग यंत्र यांवर आयुष्य उभें केलेले कारागीर आहेत. पांच-दहा माणसें हाताशीं धरून मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरविणारे मालक आहेत. पत्र्याचीं खोकीं, रंगकाम, साचे, रबरी वळीं असल्या शंभर जिनसा करणारे आहेत. असा एखादा कारखाना बंद पडला म्हणजे लोक म्हणतात, 'धंदा चालला नाहीं.' पुष्कळदां हें खरें नसतें. धंदा चालत होता, काम हातांत होतें, नफाहि होत होता. नव्हता तो वेळेवर पाहिलेला हिशेब. आणि कारखान्याबरोबर जातें तें केवळ यंत्र नव्हे. तारण ठेवलेलें घर जातें, घरच्या बाईचे दागिने जातात, आणि सहा-आठ कुटुंबांची रोजी जाते.

वास्तविक ही विद्या आपल्या भूमीस नवी नाहीं. छावणीपासून दौलताबादचा किल्ला फार लांब नाहीं. तोच यादवांचा देवगिरि. तेराव्या शतकांत महादेव व रामचंद्र या यादव राजांच्या पदरीं हेमाद्रि, म्हणजे आपला हेमाडपंत, 'श्रीकरणाधिप' होता. राज्याचें दफ्तर ज्याच्या हाताखालीं, असा हा अधिकारी. मोडी लिपीचें श्रेय परंपरा त्यालाच देते. तें कोणाचेंहि असो, मोडी ही हात न उचलतां भराभर लिहिण्याची लिपि, म्हणजेच दफ्तराची आणि पेढीची लिपि होती, हें उघड आहे. पुढें १४९४ सालीं व्हेनिस शहरीं लुका पाचोली या गणितज्ञ साधूनें दुहेरी नोंदीची पद्धत छापून प्रसिद्ध केली. आज जगभर चालते ती हीच. तिचें मर्म एका वाक्यांत सांगतां येतें: प्रत्येक व्यवहाराला दोन बाजू असतात, जो घेतो त्याच्या नांवें, जो देतो त्याच्या जमा. रोजकीर्द, खतावणी, तेरीज आणि ताळेबंद हे शब्द आपल्या पेढ्यांवर पिढ्यान् पिढ्या वापरांत होते. संगणकावरील हिशेबाचें काम याच चार पायऱ्यांनीं चालतें. फक्त पायऱ्या चढण्याचे श्रम यंत्र करतें.

याच गांवचा एक जुना प्रकार येथें सांगण्याजोगा आहे. संस्थानी काळांत आपल्याकडे दोन नाणीं चालत. शहरच्या बाजारांत निजामाचा हाली रुपया आणि ब्रिटिश फौजेच्या छावणीशीं व्यवहार करतांना कलदार रुपया. दोहोंचा भाव सातास सहा. म्हणजे १०० कलदार रुपयांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली मोजावे लागत. आतां एखाद्या दुकानदारानें छावणींतल्या गिऱ्हाइकाच्या खात्यावर नुसतें 'रुपये शंभर' असें लिहून नाण्याचें नांव गाळलें, तर त्या एका शब्दाच्या आळसाची किंमत सोळा रुपये दहा आणे आठ पै! १९५९ सालीं हाली चलन कायमचें रद्द झालें आणि ही कटकट संपली, असें आपण समजतों. परंतु छोट्या कारखानदाराच्या गल्ल्यांत आजहि दोन प्रकारचे रुपये असतात. एक, हातांत आलेला रुपया. दुसरा, नुसता वहींत लिहिलेला. एक, त्याचा स्वतःचा; दुसरा, दुसऱ्याचा, पण त्याच्या हातांत तात्पुरता आलेला. दोहोंवर आतां छाप एकच, म्हणून घोटाळा पूर्वीपेक्षां अधिक. हिशेबनिसाचें पहिलें काम हे दोन रुपये वेगळे करून दाखविणें, हें होय.

पूर्वीं व्यापार मुख्यतः वाण्या-सराफांचा होता आणि त्यांच्या घरांत हिशेब अंगवळणीं पडलेला असे. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें. चिकलठाणा आणि रेल्वे स्टेशन या भागांत औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. १९८५ मध्यें वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्याभोवतीं सुटे भाग पुरविणाऱ्यांचें जाळें विणलें गेलें. या जाळ्यांतला छोटा मालक बहुधा वाणी नव्हता. तो फिटर होता, टर्नर होता, तंत्रनिकेतनांतून निघालेला पदविकाधारक होता, क्वचित् शेतकऱ्याचा मुलगा होता. केसाच्या जाडीइतकी चूक त्याला डोळ्यांनीं दिसे. परंतु उधारीची चूक दिसत नसे, कारण ती पाहण्याचें मोजमाप त्याला कोणीं शिकविलेंच नव्हतें.

आतां एक उदाहरण घेऊं. आंकडे कल्पित आहेत, पण रीत नेहमींची आहे. ऐकतांना हातांत कागद-पेन्सिल घेतलीत तर बरें.

समजा, वाळूजला एक छोटा कारखाना आहे; मालकाच्या हाताखालीं सहा माणसें. तो पोलाद विकत घेऊन सुटे भाग करतो आणि एका मोठ्या कारखान्याला पुरवितो. महिन्याचें बिल ५ लक्ष रुपयांचें. त्यावर १८ टक्के वस्तु व सेवा कर ९० हजार. मिळून ५ लक्ष ९० हजार. पोलादाला २ लक्ष ४० हजार लागतात आणि त्यावर कर ४३ हजार २००. मजुरी १ लक्ष १० हजार. भाडें, वीज, कर्जाचें व्याज व किरकोळ खर्च मिळून ८० हजार. कर सोडून खर्चाची बेरीज ४ लक्ष ३० हजार. ती ५ लक्षांतून वजा जातां नफा ७० हजार. धंदा उत्तम आहे, असें कोणीहि म्हणेल.

हाच हिशेब आतां तारखांनीं मांडूं. काम १ एप्रिलला सुरू झालें. मजुरी व इतर खर्च महिनाअखेर द्यावयाचा. पोलादवाला एक महिना थांबतो. एप्रिलच्या मालाचे पैसे तो मेअखेर घेतो. बिल महिन्याच्या शेवटच्या दिवशीं निघतें, आणि मोठा कारखाना पैसे देतो नव्वद दिवसांनीं. ३० एप्रिलला मजुरी आणि खर्चाचे १ लक्ष ९० हजार गेले. मे महिन्यांत पोलादाचे करासह २ लक्ष ८३ हजार २००. एप्रिलच्या बिलावरील करांतून पोलादावरील कर वजा करून सरकारांत भरावयाचे ४६ हजार ८००. आणि पुन्हां मजुरी व खर्चाचे १ लक्ष ९० हजार. एकूण ५ लक्ष २० हजार. जून महिन्यांत पुन्हां तितकेच. २० जुलैला कराचे आणखी ४६ हजार ८००. त्या दिवशीं संध्याकाळीं खिशांतून गेलेली रक्कम होते १२ लक्ष ७६ हजार ८००. आलेली रक्कम शून्य. एप्रिलच्या बिलाचा पहिला रुपया २९ जुलैला यावयाचा आहे. आणि त्याच संध्याकाळीं वही सांगते कीं, पहिल्या तीन महिन्यांत २ लक्ष १० हजार नफा झाला!

वही खोटें बोलत नाहीं. ती हाली रुपयांत बोलते आणि पोलादवाला कलदार मागतो, एवढेंच. हेंच बिल पंचेचाळीस दिवसांत, म्हणजे १४ जूनला, वसूल होतें तर खिशांतून अधिकांत अधिक ७ लक्ष १० हजार जाते. दोहोंतील फरक ५ लक्ष ६६ हजार ८००. हा फरक कोठून तरी उभा करावा लागतो: बँकेकडून, सासुरवाडीकडून, सावकाराकडून किंवा घरांतल्या कपाटांतून. व्यवहाराच्या भाषेंत यालाच खेळतें भांडवल म्हणतात. आणि चमत्कार असा कीं, काम वाढलें कीं ही तूटहि वाढते. मोठ्या कारखान्यानें दुप्पट काम दिलें म्हणून पेढे वांटणारा मालक सहा महिन्यांत बुडाला, अशी गोष्ट कानावर आली तर आश्चर्य मानूं नये. नफ्यानें कारखाना वाढतो, पण रोज जगतो तो रोकडीवर.

या बाबतींत कायदा छोट्याच्या बाजूस आहे, हें पुष्कळांना ठाऊक नसतें. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याप्रमाणें सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेणारानें, लेखी करार असल्यास ठरल्या मुदतींत, पण कोणत्याहि परिस्थितींत पंचेचाळीस दिवसांच्या आंत पैसे दिले पाहिजेत. लेखी करार नसेल तर पंधरा दिवसांच्या आंत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक-दराच्या तिप्पट दरानें, दरमहा चक्रवाढीनें व्याज द्यावें लागतें. बँक-दर साडेपांच टक्के धरला तर हें व्याज साडेसोळा टक्क्यांनीं होतें. तंटा झाल्यास राज्य शासनाच्या सुविधा परिषदेकडे दाद मागतां येते. शिवाय २०२३ च्या वित्त कायद्यानें आयकराच्या नियमांत भर घालून, अशा उद्योगाचे पैसे मुदतींत न देणाऱ्यास तो खर्च पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत आयकरासाठीं वजा मिळूं नये, अशी तजवीज केली. मात्र हें संरक्षण आपोआप मिळत नाहीं. १ जुलै २०२० पासून सुरू झालेली 'उद्यम' नोंदणी हवी. तिचा क्रमांक बिलावर छापलेला असणें श्रेयस्कर. आणि माल केव्हां पोंचला, केव्हां स्वीकारला, याचा सहीचा कागद जपलेला हवा. तो कागद जपणें हें हिशेबाचेंच काम आहे. केवळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यास ही पंचेचाळीस दिवसांची सवलत नाहीं. ती माल तयार करणाऱ्यास आणि सेवा देणाऱ्यास आहे.

'हें सारें ठीक. पण ज्याच्याकडून उद्यां काम घ्यावयाचें त्याच्याकडे व्याज कोण मागणार?' असा प्रश्न कोणी करील, आणि तो रास्त आहे. मोठ्या गिऱ्हाइकापुढें छोटा मनुष्य दबून असतो. कायद्यानें ही भीति नाहींशी होत नाहीं. परंतु भांडण आणि मौन यांच्यामध्यें एक जागा आहे. चाळिसाव्या दिवशीं सभ्य भाषेंत एक स्मरणपत्र जावें. त्यांत बिलाचा क्रमांक, माल स्वीकारल्याची तारीख आणि रक्कम असावी. मोठ्या कारखान्याच्या हिशेबखात्यासहि आतां आयकराची टोंचणी आहे. नेमक्या आंकड्यांचें पत्र तेथें सहसा दुर्लक्षिलें जात नाहीं. दुसरा मार्ग जुन्या हुंडीचाच नवा अवतार आहे. रिझर्व्ह बँकेच्या परवानगीनें चालणाऱ्या 'ट्रेड्स' नांवाच्या संगणकीय बाजारांत मोठ्या गिऱ्हाइकानें मान्य केलेलें बिल बँका कसर कापून वटवितात. २५० कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना या व्यवस्थेंत नांव नोंदविणें सक्तीचें झालें आहे. पूर्वीं सराफाच्या पेढीवर हुंडी वटे, तसेंच हें. मात्र येथेंहि अट तीच: बिल निर्दोष हवें आणि नोंद वेळेवर हवी.

वेळेवर नोंद म्हणजे काय, तें वस्तु व सेवा कराच्या रचनेंत स्पष्ट दिसतें. १ जुलै २०१७ पासून हा कर देशभर सुरू झाला. यांत माल घेणारानें दिलेला कर त्याला पुढच्या करांतून वजा मिळतो, पण केव्हां? विकणाऱ्यानें तें बिल आपल्या पत्रकांत दाखविलें असेल तेव्हां. मासिक पत्रक भरणाऱ्यास त्याची मुदत पुढील महिन्याची ११ तारीख आहे. आतां आपल्या छोट्या कारखानदाराच्या हिशेबनिसानें एक बिल चुकविलें किंवा गिऱ्हाइकाच्या नोंदणी-क्रमांकांत एक अंक चुकीचा घातला, तर मोठ्या कारखान्याच्या खात्यांत ते ९० हजार दिसत नाहींत. आणि ते दिसेपर्यंत तो सारें बिल अडवून धरतो. म्हणजे लेखणीची एक चूक आणि पगाराचा एक दिवस यांमध्यें आतां फारसें अंतर उरलेलें नाहीं. स्वस्त हिशेबनीस महाग पडतो तो असा.

आतां दुसऱ्या जोडीकडे वळूं: आपला रुपया आणि दुसऱ्याचा रुपया. वरच्या उदाहरणांत बिलाबरोबर आलेले ९० हजार मालकाचे नव्हतेच. पोलादवाल्याला दिलेला कर वजा जातां उरणारी रक्कम सरकारची. तो केवळ तिचा वाहक. कामगारांची संख्या दहा झाली कीं कामगार राज्य विमा योजना आणि वीस झाली कीं भविष्यनिर्वाह निधि लागू होतो. त्यासाठीं कामगाराच्या पगारांतून कापलेला पैसा हा तर कामगाराच्या घामाचा, आणि तो पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरावयाचा. गल्ल्यांत पैसा दिसतो म्हणून तो पोलादाला वापरला, आणि भरणा तुंबला, कीं व्याज व दंड यांचें चक्र सुरू होतें. यावर उपाय साधा आहे. कराची आणि कापलेल्या रकमेची एक निराळी बँक-खातेवही ठेवावी आणि बिलाचे पैसे आले कीं त्याच दिवशीं तितकी रक्कम तिकडे टाकावी. दुसऱ्याची वस्तु दुसऱ्या फडताळांत ठेवावी, हें घरांतल्या मुलांनाहि आपण शिकवितों.

मालाचेंहि तसेंच आहे. पुष्कळ छोटे कारखाने स्वतःचें पोलाद घेत नाहींत; मोठ्या कारखान्यानें पाठविलेल्या पोलादावर ते मजुरीनें काम करतात. त्या पोलादाचा ढीग दाराशीं असला तरी तो त्यांचा नव्हे. तो चलानावर येतो आणि एका वर्षाच्या आंत परत गेला पाहिजे. न गेल्यास पाठविणारानें तो विकला असें धरून कराची आकारणी होते. तेव्हां आलेलें वजन, परत गेलेल्या भागांचें वजन, बिघडलेले नग आणि उरलेला कीस, यांची स्वतंत्र वही हवी. वर्षाच्या शेवटीं दोनशें किलो पोलाद कोठें गेलें, या प्रश्नाला 'भंगारांत गेलें असेल' हें उत्तर नव्हे. त्या उत्तरानें प्रामाणिक मनुष्यावरहि संशय येतो.

आणि सर्वांत नाजूक जोडी म्हणजे घर आणि कारखाना. मुलाची फी, लग्नाचा आहेर, किराणा, हें सर्व कारखान्याच्या गल्ल्यांतून जातें आणि घरांतले दागिने कारखान्याच्या पगारासाठीं बँकेंत जातात. लिहून कोणीच ठेवीत नाहीं. मग धंद्यानें घर चालविलें कीं घरानें धंदा चालविला, हें ब्रह्मदेवासहि सांगतां यावयाचें नाहीं. मालकानें दरमहा आपला ठराविक पगार घ्यावा. त्यावर जें घ्यावयाचें तें 'उचल' म्हणून मांडावें. घरांतून जें घातलें तें घराचें कर्ज म्हणून जमा करावें. वरच्या उदाहरणांतला मालक दुसरीकडे फोरमन म्हणून महिना ४० हजार मिळवूं शकला असता, तर त्याच्या कारखान्याचा खरा नफा ७० हजार नव्हे, ३० हजार आहे. हा आंकडा कडू आहे. पण नवें यंत्र कर्जानें घ्यावें कीं घेऊं नये, याचा निर्णय याच आंकड्यावर व्हावयास हवा. घरांतील सुशिक्षित स्त्रियांना माझी विनंति आहे कीं, ज्या कागदावर आपली सही किंवा आपले दागिने लागतात, त्या कागदामागचा ताळेबंद त्यांनीं अवश्य पाहावा. तो पाहणें हा अविश्वास नव्हे.

कोणी म्हणेल, 'आम्हांला वह्यांची सक्तीच नाहीं.' हें अर्धें खरें आहे. आयकराच्या कायद्यांत ठराविक उलाढालीपर्यंतच्या छोट्या व्यावसायिकास, प्रत्यक्ष वह्या न तपासतां, उलाढालीच्या निदान आठ टक्के, आणि बँकेच्या मार्गानें आलेल्या रकमेवर सहा टक्के, नफा धरून कर भरण्याची सोय आहे. कंपन्यांना ती नाहीं. सोय चांगली आहे. परंतु ती सरकारनें आपल्या आणि आपल्या करदात्याच्या श्रमांची बचत म्हणून केली आहे. तिच्यामुळें कारखान्याची प्रकृति कळत नाहीं. वैद्यानें नाडी पाहण्याची फी माफ केली, म्हणून नाडी पाहावयाचीच नाहीं काय?

आतां ही नाडी कोणाकडून पाहवून घ्यावी? येथें तीन प्रकारच्या माणसांत गल्लत होते. पहिला हिशेबनीस. रोजच्या नोंदी करणें, बिलें काढणें, बँकेच्या उताऱ्याशीं खातें जुळविणें, हें त्याचें काम. त्याला सनद लागत नाहीं, पण नेटकेपणा आणि प्रामाणिकपणा लागतो. दुसरा कर-सल्लागार; तो पत्रकें भरतो आणि करखात्यापुढें बाजू मांडतो. तिसरा सनदी लेखापाल, म्हणजे चार्टर्ड अकाउंटंट. १९४९ च्या कायद्यानें या व्यवसायाची राष्ट्रीय संस्था १ जुलै १९४९ रोजीं स्थापन झाली. आपल्या शहरांतहि तिची शाखा आहे. कंपनीच्या हिशेबांची तपासणी आणि कायद्यानें सांगितलेली कर-तपासणी त्यानेंच करावयाची असते. त्याच्या सहीच्या प्रत्येक तपासणी-पत्रास आणि दाखल्यास २०१९ पासून अठरा अंकांचा ओळख-क्रमांक असतो व तो खरा कीं खोटा हें कोणासहि संगणकावर पडताळतां येतें. बँकेसाठीं 'ओळखीच्या माणसाकडून' दाखला आणून देणाऱ्यापासून सावध राहावें, तें यासाठीं.

तीन माणसें ठेवण्याची ऐपत प्रत्येकाला नसते, आणि गरजहि नसते. वाळूज किंवा चिकलठाण्याच्या वसाहतींत शेजारशेजारच्या चार-पांच कारखान्यांनीं मिळून एक चांगला हिशेबनीस ठेवावा. आठवड्याचा एकेक दिवस त्यानें प्रत्येकाकडे बसावें. आणि तीन महिन्यांनीं सनदी लेखापालानें सर्वांवर नजर फिरवावी. मराठवाड्यांतील लघुउद्योजकांची 'मसिआ' ही संघटना या शहरांत आहे. अशा कामीं माणसें जोडून घेण्यास तेथील ओळखी उपयोगी पडतील. एक पथ्य मात्र पाळावें. बँकेचे आणि करखात्याचे संकेतशब्द हिशेबनिसाच्या हवालीं करून विसरून जाऊं नये. वही कोणीहि लिहो, तिजोरीची किल्ली मालकाच्या कनवटीसच असावी.

आणि या माणसाकडून मागावयाचें काय? मार्चमधला जाडजूड अहवाल नव्हे. दर महिन्याच्या दहा तारखेस एक कागद. त्या एका कागदावर चार गोष्टी असाव्या. पहिली, कोणाकडून किती येणें आहे आणि तें किती दिवसांचें झालें: तीस दिवसांच्या आंतलें, पंचेचाळिसांच्या आंतलें, नव्वदांच्या आंतलें आणि त्यापलीकडचें. दुसरी, कोणाला काय देणें आहे आणि कोणत्या तारखेस. त्यांत सरकारचें व कामगारांचें देणें वेगळें. तिसरी, पुढील सहा आठवड्यांत दर आठवड्यास किती पैसा येईल, किती जाईल आणि कोणत्या आठवड्यांत खड्डा पडेल. चौथी, एका नगास खरोखर काय पडलें: पोलाद आणि मजुरी यांच्याबरोबर वीज, यंत्राचा घसारा आणि नापास होऊन परत आलेले नगहि धरून. खड्डा सहा आठवडे आधीं दिसला तर बँकेकडे ताठ मानेनें जातां येतें. सहा दिवस आधीं दिसला तर सावकाराकडे जावें लागतें. हिशेबाची सारी किंमत या फरकांत आहे.

त्याच कागदावरून आणखी एक धोका ध्यानांत येतो: सर्व येणें एकाच गिऱ्हाइकाकडे अडकलें आहे काय? आपल्या जिल्ह्यांत चितेगांवला मोठा कारखाना असलेली व्हिडिओकॉन इंडस्ट्रीज २०१८ सालीं नादारीच्या प्रक्रियेंत गेली. अशा वेळीं कंपनीची मालमत्ता विकून पैसा वांटण्याची पाळी आली, तर तारण असलेल्या बँका आणि कामगार यांचा क्रम आधीं लागतो; उधारीवर माल देणारा रांगेंत बराच मागें उभा असतो. मोठें नांव म्हणजे बुडणार नाहीं असें नव्हे. एका गिऱ्हाइकाकडे अर्ध्याहून अधिक काम जाऊं लागलें, कीं हिशेबनिसानें त्या आंकड्याखालीं लाल रेघ ओढावी, आणि मालकानें दुसरें दार शोधण्यास लागावें.

दिवाळींत लक्ष्मीपूजनाच्या दिवशीं आपल्याकडे वहीपूजन होतें. ३१ मार्च १९८९ ला संपलेल्या वर्षापासून आयकरासाठीं सर्वांचें हिशेबी वर्ष मार्चअखेर संपूं लागलें, आणि दिवाळीची वही पुष्कळ ठिकाणीं हळद-कुंकवापुरती उरली. पूजा चालू राहावी. ती सुंदर आहे. पण आपल्या वाडवडिलांनीं वहीला लक्ष्मीच्या शेजारीं बसविलें, तें तिच्या लाल कापडासाठीं नव्हे. घरांत आलेली लक्ष्मी कोणाची, किती दिवसांची आणि कोणत्या तारखेस जावयाची, हें ज्याला ठाऊक असतें त्याच्याच घरीं ती टिकते, हा त्यांचा अनुभव होता. येत्या दहा तारखेस आपल्या हिशेबनिसाकडे तो एक कागद मागा, किंवा आपल्या भावाला, मेहुण्याला, शेजाऱ्याला तो मागावयास सांगा. पहिल्या महिन्यास तो अपुरा येईल. तिसऱ्या महिन्यास तो बोलूं लागेल.